हे नाव नियमांत बसत नाही

नावावरून माणूस ओळखावा तर तपासनिसानेच, असं त्या ऑफिसात सगळे म्हणायचे. आणि तपासनीस ते मनावर घ्यायचा, हीच खरी गोम होती.

त्याचं काम ऐकून आधी कुणाला खरं वाटत नसे. 'सोबत' नावाची एक साइट होती. कुणाला बुद्धिबळ खेळायला जोडीदार हवा, कुणाला संध्याकाळी चालायला, कुणाला नुसतंच बोलायला, असे लोक तिथे यायचे. खरं नाव कुणी द्यायचं नाही, प्रत्येकाने आपापलं एक टोपणनाव घ्यायचं. यंत्र बहुतेक नावं आपणच पास करी, पण ज्या नावाचा त्याला संशय येई ते माणसाकडे पाठवी. आपल्या भाषेतली सगळी संशयित नावं या एकट्या तपासनिसाच्या टेबलावर यायची, कारण तेवढ्यासाठी कंपनीने एकच खुर्ची मंजूर केली होती. पडद्यावर नाव आलं की खाली दोन बटणं, एक होकाराचं आणि एक नकाराचं. बस, एवढंच काम. त्यावर हा गृहस्थ असा रुबाब करायचा की जणू काही न्यायनिवाडा चाललाय.

पण डोकं होतं हो, नाही असं नाही. शेजारच्या टेबलावर लोकांचे फोटो तपासणारी एक बाई बसायची, तिला सगळे फोटोवाली म्हणत. तिच्याशी तो चहाची पैज लावायचा. 'शांत_माणूस' असं नाव आलं की म्हणायचा, हा दोन दिवसांत भांडणार. तो भांडायचा. नावात वाघ घालणारा पहिल्या दिवशी घाबरत घाबरत 'नमस्कार' लिहिणार, नावात 'खरा' घालणाऱ्याचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा निघणार, आणि 'कुणालाच_सांगणार_नाही' अशा नावाची बाई पहिल्या पाच मिनिटांत माहेर-सासर सगळं सांगून मोकळी होणार. फोटोवाली चहा पाजून पाजून थकली. माणूस खरं नाव आईबापांकडून घेतो, तपासनीस म्हणायचा, पण टोपणनाव स्वतः निवडतो, आणि लपायला जी जागा निवडतो तिथेच तो नेमका सापडतो.

घरी बायकोलाही हे सगळं ऐकायला लागायचं. म्हणजे पूर्वी. एकदा जेवताना त्याने तिला यंत्राची गंमत सांगितली होती. यंत्राला मोडकं, तुटकं, फुटकं असले शब्द मुळीच खपत नाहीत, बिचारं घाबरतं, आणि नाव झटकन माझ्याकडे ढकलतं. 'फुटका_माठ' घे, 'तुटका_पतंग' घे, थेट माझ्या पुढ्यात. बायको तेव्हा ठसका लागेपर्यंत हसली होती. त्यालाही बरं वाटलं होतं आणि मग तो ते विसरून गेला. गेली दोनेक वर्षं तर तो घरी येईपर्यंत त्याच्या डोळ्यांचं पार पीठ झालेलं असे. कोचावर पडायचं, मोबाइलवर कुठला तरी सामना लावायचा आणि बायको काही बोलली की 'हं' म्हणायचं. त्याच्या मते हा सुखाचा संसार होता.

बायको पडद्यांच्या दुकानात काम करायची. मापं घ्यायला गिऱ्हाइकांच्या घरी जायचं, कापड कापायचं, शिवायचं, परत जाऊन लावून यायचं. दुकानाचा मालक पडदेवाला, पन्नाशीचा, उंच, केस अजून काळेभोर. हे केस तपासनिसाच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलत होते, कारण त्याचे स्वतःचे केव्हाच रजा घेऊन गेले होते. बायको घरी येऊन 'आमचे मालक असं म्हणाले, आमचे मालक तसं म्हणाले' असं सांगायची तेव्हा तो 'हं' जरा जोरात म्हणायचा.

तर एका सोमवारी सकाळी त्याच्या पडद्यावर नाव आलं: 'मोडकी_खिट्टी'.

तो खुर्चीत एकदम पुढे सरकला. कारण हे नाव जगात दोघांनाच ठाऊक होतं. लग्न झाल्यावर दोघांनी भाड्याने घेतलेली पहिली खोली, तिच्या खिडकीची खिट्टी मोडलेली. वारा सुटला की खिडकी धाडधाड आपटायची. बायकोने आपल्या केसांची रिबीन काढून ती खिडकी बांधली होती. तेव्हापासून तो तिला लाडाने खिट्टी म्हणायचा, तू नसलीस तर या घरातलं काही जागेवर राहायचं नाही म्हणून. आणि ती कधी आजारी पडली, दमली, की म्हणायची, आज खिट्टी मोडकी आहे हं, आज चहा तू कर. शेवटचं कधी म्हणाली होती ते त्याला आठवेना. आणि आज ते नाव घेऊन बाईसाहेब 'सोबत'वर निघाल्या होत्या. सोबत शोधायला!

एखादा शहाणा माणूस असता तर त्याने फोन उचलून विचारलं असतं. पण याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरात धडधाकट नवरा असताना हिला कसली सोबत हवी? तो दिवसभर लोकांची नावं वाचत होता, कोण कशासाठी येतं हे त्याला पाठ होतं. 'नुसतंच बोलायला' म्हणून येणारे पुढे कुठे पोचतात तेही त्याने पाहिलं होतं. मग त्याला आठवलं, गेल्याच आठवड्यात त्याने 'मखमली_पडदा' असं एक नाव पास केलं होतं. झालं, सुतावरून स्वर्ग गाठायला एवढं पुरे होतं. मखमली पडदा म्हणजे दुसरा कोण असणार? त्या काळ्याभोर केसांसकट तो पडदेवालाच त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

त्याने नकाराचं बटण दाबलं. पलीकडे ठरलेला निरोप आपोआप जायचा तो गेला: 'हे नाव आमच्या नियमांत बसत नाही. कृपया दुसरं नाव निवडा.' खरं तर ते नाव कुठल्याच नियमाबाहेर नव्हतं. नोकरीत पहिल्यांदाच त्याने खोटा नकार दिला, आणि खोटं कशाला बोला, त्याला फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी बायको लवकर घरी आली. तिने चहा केला, त्याच्यासमोर बसली आणि विचारलं, आज ऑफिसात काही विशेष? मेली अंदाज घेतेय, त्याने मनात म्हटलं. काही नाही, नेहमीचंच, असं सांगून त्याने सामना लावला. ती थोडा वेळ बसून राहिली. मग कपबशा उचलून आत गेली.

बुधवारी दुसरं नाव आलं: 'तुटकं_उत्तर'. त्याने ते बारकाईने वाचलं, मागे टेकून डोळे मिटले, फोटोवालीसमोर मिटायचा तसे. तुटकं उत्तर म्हणजे काय? म्हणजे समोरच्याला चिठ्ठी, की अजून आत येता येत नाही, थोडक्यात बोलतेय, वाट बघ. कसली पक्की बाई! लग्नाला इतकी वर्षं झाली, ताकास तूर लागू दिली नाही. त्याने बटण असं दाबलं की फोटोवालीने मान वळवून पाहिलं. तिने विचारलंही, काय हो, कुणाचं नाव एवढं झोंबलं? तो म्हणाला, आहे एक नाठाळ, पण मीही सोडणारा नाही.

घरी बायकोने पुन्हा विषय काढला. आज कुठली कुठली नावं आली, काही गमतीचं आलं का, पूर्वी किती सांगायचास. त्याचा तिळपापड झाला. त्याने कामाचं घरी नको म्हणून तिला गप्प केलं. जेवताना ती म्हणाली, मला तुझ्याशी जरा बोलायचंय. तो म्हणाला, हं, बोल. आणि ती बोलायला लागली तेव्हा त्याचं सगळं लक्ष तिच्या मोबाइलकडे होतं. मोबाइल तिच्या ताटाशेजारी उताणा पडला होता आणि त्यावर आत्ता त्या केसाळ माणसाचा निरोप येणार अशी त्याची खात्री होती. ती काय बोलली यातला एक शब्द त्याच्या कानात शिरला नाही. बोलणं संपल्यावर तिने विचारलं, मग? तो म्हणाला, हं.

शुक्रवारी सकाळी तिसरं नाव आलं आणि ते वाचून त्याला घामच फुटला. 'फुटका_शनिवार'. आता याहून उघड काय असायचं? वारसुद्धा ठरला होता! शनिवारी त्याला सुट्टी असे, पण बायकोचं दुकान चालू असे. म्हणजे उद्या. त्याने तिसरा नकार ठोकला. तीन नकारांनंतर त्या माणसाला साइटचं दार बंद व्हायचं, आणि जायचा तो निरोपही वेगळा असायचा: 'आपल्याला पुन्हा प्रयत्न करता येणार नाही.' त्यानंतर तो माणूस काहीही पाठवो, ते थेट यंत्राच्या टोपलीत पडे. ती टोपली कुणी उघडत नसे. दार लावून घेतल्यासारखं तपासनिसाला हायसं वाटलं. दुपारी त्याने आपणहून फोटोवालीला चहा पाजला, आणि तिला वाटलं की बहुधा याची बढती झाली.

शनिवारी मात्र त्याच्याने राहवेना. बायको बाहेर पडली तसा तोही टोपी घालून निघाला आणि पडद्यांच्या दुकानासमोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन उभा राहिला. काहीतरी घ्यायला हवं म्हणून त्याने खोकल्याचं औषध मागितलं. औषधवाल्याने विचारलं, कोरडा की ओला? तो म्हणाला, कुठलाही द्या. नजर समोर. काचेपलीकडे पडद्यांच्या घड्यांमध्ये बायको उभी होती, गळ्यात मापाची पट्टी. पडदेवाला तिच्याशी काहीतरी बोलत होता आणि बायको मान हलवत होती. मग पडदेवाल्याने खिशातून किल्ल्यांचा एक जुडगा काढला आणि तिच्या हातात ठेवला. तिने तो मुठीत घट्ट धरला. पडदेवाल्याने तिच्या डोक्यावर थोपटलं, आणि ती रडत होती का हसत होती ते काही त्याला रस्त्यापलीकडून कळलं नाही.

किल्ल्या! म्हणजे गोष्टी खोलीपर्यंत पोचल्या होत्या तर. तपासनीस खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन घरी आला. मत्सर ही चीज अशी आहे की माणसाला बसू देत नाही, उभं राहू देत नाही. तो कोचावर बसला, उठला, स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला विसरून परत आला. त्या बाईने आपल्या खोलीचं, आपल्या खिडकीचं, आपल्या रिबिनीचं नाव दुसऱ्या पुरुषासाठी बाहेर काढावं, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं. दुसरं कुठलंही नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं, असंसुद्धा एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी ती आली. त्याने चपला काढायचीही उसंत दिली नाही.

"किल्ल्या दाखव," तो म्हणाला.

 तिने पिशवीतून जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"नव्या दुकानाच्या आहेत," ती म्हणाली. "मालक दुसऱ्या गावी दुकान काढतायत. मी चालवावं म्हणतात. वर्षभर तरी तिकडे राहायला लागेल. शनिवारपर्यंत सांग म्हणाले होते. आज हो म्हणून आले."

 तपासनीस म्हणाला की एवढी मोठी गोष्ट, मला एका शब्दाने सांगितली नाहीस. ती खुर्ची ओढून शांतपणे बसली. तिने सांगितलं की तीनदा सांगितली. एकदा बाजारात जाताना, एकदा सकाळी चहा पिताना, आणि बुधवारी तर ताटावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू दर वेळी 'हं' म्हणालास. बुधवारी 'मग?' म्हणून विचारलं, त्यालाही 'हं'.

"मग मी काय करायचं?" ती म्हणाली. "घरी तुला माझं ऐकू येत नाही. ऑफिसात मात्र कुणाही सोम्यागोम्याचं नाव तू दहा वेळा वाचतोस. तूच सांगितलं होतंस, मोडकं, तुटकं, फुटकं घातलं की नाव थेट माझ्या पुढ्यात येतं. म्हटलं, तिथे तरी वाचशील."

तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला. एकाखाली एक तीन निरोप होते. हे नाव आमच्या नियमांत बसत नाही. हे नाव आमच्या नियमांत बसत नाही. आपल्याला पुन्हा प्रयत्न करता येणार नाही. ती वाक्यं त्याने हजारो लोकांना पाठवली होती, पण आलेली कशी दिसतात ते आज पहिल्यांदाच पाहिलं.

"हे यंत्र पाठवतं," तो म्हणाला. "मी फक्त बटण दाबतो."

"तेच विचारतेय. तिन्ही वेळा बटण तू दाबलंस?"

त्याने होकाराची मान हलवली. ती म्हणाली, पहिल्या नावाला मला वाटलं तू हसशील, संध्याकाळी येऊन विचारशील, काय गं खिट्टी, काय झालं. चहा करून मी वाट बघत बसले होते. मग वाटलं, चुकून झालं असेल. तिसऱ्याला कळलं की हेच तुझं उत्तर आहे.

आता इथे तरी माणसाने काय करावं? उठावं, हात धरावा, चुकलो म्हणावं. पण एवढं सगळं ऐकूनही त्याच्या डोक्यातला किडा काही मेला नव्हता. त्याने विचारलं, "आणि तो पडदेवाला? तोही येणार का तिकडे राहायला?"

ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की जणू हा माणूस पहिल्यांदाच घरात आलाय. मग तिने सांगितलं की मालकांची बायको येणार आहे, महिनाभर, दुकान लावून द्यायला. मालकांना मोबाइलवर फोन उचलता येतो तेवढाच, 'सोबत' म्हणजे काय हेही त्यांना माहीत नाही. उद्या दुपारची गाडी आहे. एवढं बोलून ती आत कपडे भरायला गेली. जाता जाता दारात थांबून म्हणाली की चौथंही एक पाठवलं होतं. काय होतं म्हणून त्याने विचारलं, तर ती म्हणाली, ते तू वाचायचं होतंस.

रविवारी त्याची पाळी होती. अशा दिवशी कुणी कामावर जातं का? हा गेला. सकाळी तिच्या बॅगेची चेन लागत नव्हती. याने ती लावून दिली आणि जातो म्हणून निघाला. आतून एकच ओढ होती, ती टोपली उघडून बघायची. एवढं होऊनही त्याला अजून वाटत होतं की चौथ्या नावात कदाचित तिचा खरा चोर सापडेल. टोपली भरून वाहत होती. शिव्या, आकडे, वेड्यावाकड्या अक्षरांचे ढीग. तो एकेक नाव खाली सरकवत गेला. दुपार व्हायला आली तेव्हा ते त्याला दिसलं. ते शुक्रवारी दुपारी आलेलं होतं, तो फोटोवालीला चहा पाजत होता तेव्हा. त्यात मोडकं नव्हतं, तुटकं नव्हतं, फुटकंही नव्हतं.

'थांब_म्हण_ना.'

नावावरून माणूस ओळखणाऱ्या त्या माणसाला हे नाव ओळखायला काही वेळ लागला नाही. त्याने फोन उचलला.  तिने फोन घेतला तेव्हा मागे गाडीतली माणसं, सामान, कुणीतरी खिडकीची जागा मागत होतं, सगळं ऐकू येत होतं.

"थांब," तो म्हणाला.

 तिने विचारलं, "कुठे वाचलंस?"

"ऑफिसात. टोपलीत होतं."

"म्हणजे ऑफिसातच," ती म्हणाली.

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी येतो, उतर, चुकलो, असं बरंच काही त्याला सांगायचं होतं. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला. ती म्हणाली, सुटली गाडी, पोचले की कळवते.

"कुठे कळवशील?" त्याने विचारलं.

"तुला वाचायला सोयीचं पडेल तिथे," असं म्हणून तिने फोन ठेवला.

फोटोवाली आज सुट्टीवर होती, मजल्यावर दोनचार जणच होते. तपासनिसाने खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर पुढचं नाव येऊन थांबलं होतं, कुणीतरी 'तुटका_पंखा' मागितलं होतं. त्याने बटणावरचा हात मागे घेतला आणि ते नाव सावकाश, अक्षर अक्षर लावून, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.